बीटची वाइन मिळमिळीत का लागत होती? वाईजवळच्या एका बॅचचा प्रकरण अभ्यास

वाईजवळ एक पती-पत्नी छोटं परवानाधारक वाइन युनिट चालवतात. पाचगणी-महाबळेश्वरकडून उतरणाऱ्या स्ट्रॉबेरीची वाइन हा त्यांचा मुख्य माल. हंगाम सरत आला की युनिट रिकामं बसतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या शेतातल्या बीटची वाइन करून पाहिली, एकाच २० लिटरच्या काचेच्या जारमध्ये. फसफस वेळेवर सुरू झाली, वेळेवर थांबली. गाळ बसला, वाइन वरून काढून घेतली. रंग असा की बघत राहावं. चव मात्र मिळमिळीत. मातीचा वास, किंचित गोडसर पाणचटपणा, आणि गिळल्यावर तोंडात काहीच उरत नाही.

मी सांगलीत फळप्रक्रिया शिकवतो, अशा छोट्या युनिटना तांत्रिक मदतही करतो. ही बॅच माझ्याकडे आली तेव्हा ताईंचा प्रश्न सरळ होता: “सर, लिंबं पिळली, अजून पिळली, तरी ही वाइन जागची हलत नाही. आंबटपणा कमी आहे की अजून काही?” उत्तर होतं, दोन्ही: आम्लही कमी होतं आणि तुरटपणाही. आणि ती दोन कामं कोणत्या क्रमाने करायची यावर सगळं अवलंबून होतं. फळांच्या आणि भाज्यांच्या वाइनमध्ये हाच क्रम सर्वांत जास्त चुकतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय वाइन करणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती स्वयंपाकघरात पाच लिटर का असेना. इथलं प्रमाण घरगुती असलं, तरी काम परवान्याच्या जागेत, चाचणी बॅच म्हणून झालं आहे.

मूळ कृती काय होती ते आधी पाहू. स्ट्रॉबेरीसाठी त्यांची कृती बसलेली आहे: आठ किलो फळ, सव्वातीन किलोच्या आसपास साखर, पंधरा लिंबांचा रस, यीस्ट आणि त्याचं खाद्य, बाकी पाणी, एकूण २० लिटर. बीटसाठी त्यांनी हीच कृती उचलली आणि स्ट्रॉबेरीच्या जागी बीट घातलं, वजनाला वजन. साखरेच्या बाजूने हे जमून गेलं. वाइनमध्ये एक टक्का अल्कोहोल यायला लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर लागते. बीटची स्वतःची साखर धरली की हिशेब ११ टक्क्यांच्या जवळ येतो, आणि झालंही तेवढंच.

आम्लाच्या बाजूने मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पिकलेल्या स्ट्रॉबेरीत साधारण पाऊण-एक टक्का आम्ल असतं, त्यातलं बहुतेक सायट्रिक. म्हणजे आठ किलो स्ट्रॉबेरी स्वतःबरोबर साठ-ऐंशी ग्रॅम आम्ल घेऊन येते. शिवाय तिच्या बारीक बियांतून थोडं टॅनिनही, म्हणजे तुरटपणा देणारा घटकही, उतरतो. बीटमध्ये आम्ल नावापुरतं, टॅनिन तर नाहीच म्हटलं तरी चालेल. बीटच्या रसाचा पीएच सहाच्या आसपास असतो, स्ट्रॉबेरीचा साडेतीनच्या (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र). कृतीतली पंधरा लिंबं स्ट्रॉबेरीला फक्त हातभार लावत होती. बीटमध्ये सगळा भार त्यांच्यावरच पडला.

तो भार किती होता, हे मोजता येतं. आपलं कागदी लिंबू सरासरी २० मिलिलिटर रस देतं आणि त्या रसात पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असतं. पंधरा लिंबांचे झाले तीनशे मिलिलिटर, त्यात फार तर १८ ग्रॅम सायट्रिक. २० लिटरमध्ये वाटलं की लिटरमागे ०.९ ग्रॅम. वाइनचं आम्ल टार्टारिकच्या, म्हणजे द्राक्षातल्या मुख्य आम्लाच्या, हिशेबात सांगायची पद्धत आहे. त्या हिशेबात ०.८५ ग्रॅम सायट्रिक म्हणजे एक ग्रॅम टार्टारिक, म्हणून ही भर एक ग्रॅमच्या जरा वर जाते. फळांच्या वाइनला लिटरमागे साडेपाच ते सात ग्रॅम लागतात.

आता मोजणी. दोन आकडे हवे असतात आणि ते वेगवेगळं सांगतात. एकूण आम्ल म्हणजे जिभेला किती आंबट लागणार. पीएच म्हणजे वाइन किती सुरक्षित राहणार. युनिटमध्ये पीएचच्या कागदी पट्ट्या होत्या, पण बीटच्या रसात बुडवली की पट्टी बीटच्याच रंगाची होते, ती काय वाचणार? म्हणून मीटर आणला आणि पीएच ४ व ७ च्या बफरने, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांनी, लावून घेतला.

टायट्रेशनमध्येही, म्हणजे सोडा थेंबथेंब सोडून एकूण आम्ल मोजतानाही, रंग आडवा येतो. नेहमीची रीत म्हणजे १० मिलिलिटर वाइन, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-तीन थेंब, आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडत गुलाबी छटा यायची वाट पाहायची. लालभडक वाइनमध्ये गुलाबी छटा दिसणार कशी? म्हणून नमुना शंभर मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात पातळ केला, मीटरचा दांडा आत ठेवला आणि पीएच ८.२ ला आल्यावर थांबलो. जितके मिलिलिटर सोडा लागला, त्याला ०.७५ ने गुणलं की लिटरमागे आम्लाचे ग्रॅम मिळतात.

पहिल्या खेपेला ५.२ मिलिलिटर लागले, म्हणजे ३.९ ग्रॅम. दादांना बरं वाटलं. पण नमुना जारमधून थेट घेतला होता आणि ताज्या वाइनमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तोही आम्लासारखाच सोडा खातो. नमुना गरम करून, हलवून वायू घालवला, थंड केला आणि पुन्हा मोजलं. बरोबर ४ मिलिलिटर, म्हणजे ३ ग्रॅम. पीएच ४.२. घरगुती प्रमाणावर काम करणाऱ्या बहुतेकांचे आकडे याच एका पायरीवर फसतात, म्हणून सांगतो: वायू घालवल्याशिवाय टायट्रेशन करू नका.

पीएच ४.२ हा आकडा मला चवीपेक्षा जास्त खटकला. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे युनिटच्या भाषेत केएमएस, घातल्यावर जो सल्फर डायऑक्साइड सुटतो, त्यातला जंतूंना रोखणारा भाग पीएचवर ठरतो. पीएच ३.२ ला मोकळ्या सल्फाइटचा (वाइनमध्ये सुट्या राहिलेल्या सल्फर डायऑक्साइडचा) जवळजवळ चार टक्के भाग कामाचा असतो, ३.८ ला एक टक्का, ४.२ ला अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ताईंनी लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या हिशेबाने डोस दिला होता. स्ट्रॉबेरीला तो पुरतो. या जारला तेवढंच संरक्षण मिळायला दोनशेच्या घरात लागले असते, आणि तेवढं घातलेली वाइन नाकाला सहन होत नाही. भाज्यांची वाइन टिकत नाही अशी एक समजूत आहे. माझ्या पाहण्यात त्यामागे बहुतेक वेळा हाच पीएच असतो.

आधी आम्ल घ्यायचं ठरलं. आणखी लिंबं पिळणं हा मार्ग उरला नव्हता. लिटरमागे तीन ग्रॅम वाढवायचे तर आणखी चाळीसेक लिंबं लागली असती, म्हणजे जवळजवळ एक लिटर रस, आणि मग ती बीटची वाइन राहिलीच नसती. शेजारच्या एका शेतकऱ्याने चिंच सुचवली. कल्पना वाईट नव्हती, कारण चिंचेतलं मुख्य आम्ल टार्टारिकच आहे, तेच द्राक्षात असतं. पण चिंचेतलं बरंचसं आम्ल पोटॅशियमशी बांधलेलं असतं, बरोबर गर आणि पेक्टिन येतं, आणि वाइन नितळ व्हायचं नाव घेत नाही. तयार झालेल्या वाइनमध्ये चिंच घालू नये.

आम्ही खाद्य दर्जाची टार्टारिक आणि मॅलिक (सफरचंदातलं आम्ल) पावडर घेतली. निवडीमागचं कारण असं. नुसतं सायट्रिक तीक्ष्ण लागतं आणि पटकन ओसरतं, शिवाय वाइनमध्ये लॅक्टिक जिवाणू शिरले तर त्याच सायट्रिकपासून लोण्यासारखा वास आणि थोडं व्हिनेगरचं आम्ल तयार करतात. नुसतं टार्टारिक घातलं तर बीटमधल्या भरपूर पोटॅशियमशी जुळून थंडीत त्याचे खडे तळाला बसतात. वाईच्या थंडीत हे हमखास होतं. पीएच ३.६५ च्या खाली असेल तर खडे बसताना तो आणखी किंचित उतरतो, वर असेल तर उलट चढतो. म्हणजे अर्धवट आम्ल घालून सोडलेली वाइन हिवाळ्यात आणखी बिघडते. मॅलिक खडे धरत नाही आणि त्याचा आंबटपणा तोंडात जरा रेंगाळतो. दोन भाग टार्टारिक, एक भाग मॅलिक, असं ठरलं.

जारमध्ये थेट काहीही घातलं नाही. १० ग्रॅम आम्ल पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण केलं. त्यातलं १ मिलिलिटर १०० मिलिलिटर वाइनमध्ये घातलं की लिटरमागे १ ग्रॅम होतो, डोकं खाजवायची गरज नाही. पाच ग्लास मांडले: एक मूळ, बाकीच्यांत १, २, ३ आणि ४ ग्रॅम. पीएच ४.२ वरून ३.९५, ३.७५, ३.५५ आणि ३.४ असा उतरत गेला.

चव घ्यायला चौघं होतो: ताई, दादा, मी आणि युनिटमध्ये फळं निवडणाऱ्या मावशी. त्या वाइन गिळत नाहीत, घोट तोंडात फिरवून थुंकतात, पण त्यांच्याइतकी नेमकी जीभ मी फार थोड्यांकडे पाहिली आहे. एक ग्रॅमचा ग्लास मूळच्या जवळच होता. दोनला बीट जागं झालं. तीनला मातीचा वास स्पष्ट कमी वाटला. यामागे केवळ जिभेची समजूत नाही; बीटचा तो वास जिऑस्मिन नावाच्या घटकामुळे येतो आणि आम्लात तो हळूहळू मोडतो. बीटच्या कोशिंबिरीवर लिंबू पिळायची आपली रीत त्यामुळेच शहाणी आहे. चारला दात आंबले. आम्ही तीनवर थांबलो. मावशींनी तोच ग्लास पुन्हा घेतला आणि म्हणाल्या, “आंबट झालंया बराबर, पण गालाला काय लागंना.”

हे एक वाक्य ऐकून मला पुढचं काम सोपं झालं. आम्ल जिभेला लागतं आणि लाळ सुटते. टॅनिनचं काम वेगळं: ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि गाल व हिरड्या आखडल्यासारख्या वाटतात. जांभूळ किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर जे होतं ते हेच. वाइनमध्ये याचा हलका स्पर्श असला तर ती तोंडात भरल्यासारखी वाटते आणि गिळल्यावर चव थांबते. तो नसला की कितीही आम्ल घाला, ती आंबट पाणीच राहते. ताई लिंबावर लिंबू पिळत होत्या तेव्हा जीभ तुरटपणा मागत होती आणि त्या तिला आंबट देत होत्या.

टॅनिन कुठून घ्यायचं यावर युनिटमध्ये बरीच चर्चा झाली. आसपास टॅनिनला तोटा नाही. जावळी-महाबळेश्वरच्या रानात हिरडा गोळा होतो, आणि कातडी कमावायला पूर्वापार वापरला जातो तो त्यातल्या टॅनिनसाठीच. दादांना तो वापरायची फार इच्छा होती. मी नको म्हटलं. हिरडा रेचक आहे, त्याचा कडवटपणा राकट आहे, आणि पिण्याच्या पदार्थात त्याचं प्रमाण अंदाजाने ठरवणं मला मान्य नाही. डाळिंबाची साल आटपाडीहून मिळाली; तिच्यात टॅनिन इतकं आहे की एका थेंबाच्या फरकाने वाइन औषधासारखी होते. नमुन्यात घालून पाहिली, कडवट झाली, बाजूला ठेवली.

तासगावचे मनुके हा ताईंचा पर्याय होता. सुरुवातीला घालायला तो मला मनापासून आवडतो, कारण मनुक्यांनी वाइनला अंग येतं. पण त्यांच्याकडून आम्लाची अपेक्षा ठेवू नये: २० लिटरला अर्धा किलो मनुके घातले तर लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास आम्ल मिळतं. आपल्याकडे द्राक्षं वाळवण्याआधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात, पिवळ्या मालाला गंधकाची धुरीही देतात. म्हणून मनुके कोमट पाण्यात दोनदा धुऊन घ्यावेत, नाहीतर यीस्ट रेंगाळतं. तयार वाइनमध्ये मात्र ते घालता येत नाहीत. त्यांची साखर पुन्हा फसफसायला लागेल.

उरले दोन: कोरा चहा आणि द्राक्षबियांच्या टॅनिनची पावडर. चहा सगळीकडे मिळतो आणि घरगुती वाइनमध्ये जगभर वापरला जातो. पाच ग्रॅम चहापत्ती १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवली, गाळली आणि तो अर्क नमुन्यात घातला. ठीक लागला, पण हवा तो तुरटपणा येईपर्यंत चहाचा वासही यायला लागला. स्ट्रॉबेरीत तो लपतो, बीटमध्ये लपला नाही. पावडरचं १ टक्का द्रावण केलं: १ मिलिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर वाइनमध्ये लिटरमागे ०.१ ग्रॅम.

इथे मी एक चाचणी मुद्दाम दोनदा मांडली, कारण ताई-दादांना क्रमाचं महत्त्व सांगून नव्हे, चाखून कळायला हवं होतं. पहिली रांग मूळ वाइनची, पीएच ४.२, आम्ल न घातलेली. दुसरी रांग आम्ल घातलेली, पीएच ३.५५. दोन्हींत टॅनिन सारखंच: ०.१, ०.२, ०.३ आणि ०.५ ग्रॅम.

पहिल्या रांगेत ०.३ ला कुठे थोडंफार अंग आल्यासारखं वाटलं, आणि दादा ०.५ वर बोट ठेवून म्हणाले, “हा बरा आहे.” दुसऱ्या रांगेतला ०.५ तोंडात घेतला आणि त्यांनी चेहरा वेडावाकडा केला. टॅनिन तेवढंच होतं. पीएच उतरला की तुरटपणा जास्त जाणवतो. म्हणजे आधी टॅनिन बेताचं लावून नंतर आम्ल घातलं, तर बेत हमखास मोडतो. वाइन खरखरीत होते, मग तो खरखरीतपणा झाकायला साखर जाते आणि शेवटी सरबत तयार होतं. म्हणून आधी आम्ल, तेही मीटर आणि ब्युरेटवर (सोडा मोजून सोडायच्या नळीवर). मग टॅनिन, ते जिभेवर. साखर सगळ्यात शेवटी, लागलीच तर.

दुसऱ्या रांगेत ०.२ सगळ्यांना पसंत पडलं. मावशी ०.१ आणि ०.२ मध्ये घुटमळल्या. दोन्ही ग्लास झाकून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतले, कारण नव्याने घातलेलं टॅनिन सुरुवातीला जास्त बोचतं आणि त्यातलं काही गाळात जातं. दुसऱ्या दिवशी ०.१ फिका पडला होता. ०.२ वर शिक्कामोर्तब झालं.

गाळावरून उतरवल्यावर जारमध्ये १८ लिटर वाइन उरली होती. त्यात ३६ ग्रॅम टार्टारिक, १८ ग्रॅम मॅलिक आणि ३.६ ग्रॅम टॅनिन. वजन सोनाराच्या काट्यावर केलं. चमच्याच्या मापाने ३.६ ग्रॅमचे सहज पाच होतात. आम्ल थोड्या वाइनमध्ये विरघळवून जारमध्ये घातलं, हवा मिसळणार नाही अशा बेताने ढवळलं, आणि दोन दिवसांनी टॅनिन घातलं. पुन्हा मोजल्यावर आम्ल ६.१ आलं, एक ग्रॅम मॅलिक टार्टारिकच्या हिशेबात १.१२ भरत असल्याने. पीएच ३.५५. मोकळं सल्फाइट ४५ मिलिग्रॅमवर आणलं, आणि या पीएचला तेवढं पुरेसं आहे.

तीन महिन्यांनी ती वाइन उघडली. तळाशी बारीक पांढरे खडे होते, अपेक्षेप्रमाणे, आम्ल ५.७ वर आलं होतं. मातीचा वास पूर्ण गेला नाही, पण मागे सरकला आणि बीटचा गोडसर गंध पुढे आला. घोट गिळल्यावर चव थांबत होती. साखर घालायची गरज पडली नाही. रंग मात्र कडेने विटकरी झाला होता. जार खिडकीजवळ होता आणि बीटचा रंग उजेडात व हवेत टिकत नाही. त्यावर आम्ल किंवा टॅनिनचा इलाज चालत नाही. जांभळाचं तसं नसतं. जांभळाचा रंग आम्लाने खुलतो आणि टॅनिनने टिकतो, त्यामुळे तिथे रंगावरूनही अंदाज येतो. बीट पीएच ४.२ लाही तितकंच सुंदर दिसतं आणि फसवतं.

पुढच्या बॅचची कृती ताईंनी वहीत लिहून घेतली आहे. बीट जाड सोलायचं, कारण जिऑस्मिन सालीजवळ जास्त असतं. उकळलेलं पाणी थंड झालं की यीस्ट टाकण्याआधीच आम्ल घालून पीएच ३.७ च्या खाली आणायचा. भाजीचा गोड रस पीएच सहाला उघडा ठेवणं धोक्याचं असतं. अर्धा किलो धुतलेले मनुके पहिल्या दिवशी. फसफस संपल्यावर वायू घालवून टायट्रेशन, उरलेलं आम्ल, आणि त्यानंतर टॅनिनचे ग्लास. जार काळ्या कापडात गुंडाळून आतल्या खोलीत.

दादांना आता जांभूळ खुणावतं आहे. तिथे प्रश्न उलटा येईल: टॅनिन फळातच जास्त, ते कमी कसं ठेवायचं. बिया न चिरडता गर वेगळा करणं आणि सालीवर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त न ठेवणं हा अर्धा इलाज आहे. उरलेल्यासाठी टॅनिनला धरून गाळात नेणारा अंड्याचा पांढरा भाग किंवा जिलेटिन. मी त्यांना आणखी एक सुचवलं आहे: तयार बीटच्या वाइनमध्ये दहा-पंधरा टक्के जांभळाची वाइन मिसळून ग्लास मांडावेत. एकीकडे जे कमी आहे तेच दुसरीकडे जास्त आहे, आणि मग कदाचित पावडरची गरजच उरणार नाही. जांभळं जूनमध्ये उतरतील तेव्हा हे ग्लास मांडायचे आहेत.